काटा एक, काटा दोन

ऊसपट्ट्यात कारखान्याच्या वजनकाट्याइतकी संशयाच्या नजरेखाली असलेली दुसरी जागा सापडणार नाही. काटामारीवरून मोर्चे निघतात, भाषणं गाजतात, भरारी पथकं येतात. वर्षभर जपलेला ऊस त्या लोखंडी प्लॅटफॉर्मवर मिनिटभर उभा राहतो आणि तिथं पडलेल्या आकड्यावर घराचं वर्ष ठरतं. अशा जागी संगणकाने एका ट्रॉलीचं वजन दुसरीच्या पावतीवर छापलं, तर ‘सॉफ्टवेअरचा घोळ होता’ हे वाक्य कुणी ऐकून घेत नाही. ऐकून घेऊही नये.

माझं काम या काट्यांच्या संगणकांचं. आमची कंपनी लहान. सांगली-कोल्हापूर भागातल्या काही कारखान्यांची काटा-व्यवस्था आम्ही सांभाळतो. गळीत हंगाम सुरू झाला की फोन उशाशी घेऊनच झोपायचं. एका हंगामाच्या ऐन मध्यात काटा क्लार्क मामांचा फोन आला, "मॅडम, एकाचं वजन दुसऱ्याला पडाय लागलंय बघा. बाहेर गर्दी जमलीया."

झालं होतं असं. त्या कारखान्यात भरलेल्या गाड्यांसाठी शेजारीशेजारी दोन काटे आहेत, एकाच मापाचे, एकाच बनावटीचे. प्लॅटफॉर्मखाली वजन मोजणारे लोडसेल, तिथून केबिनमधल्या इंडिकेटरपर्यंत वायर, आणि इंडिकेटरपासून संगणकापर्यंत जुन्या पद्धतीची सीरियल केबल. हल्लीच्या संगणकांना सीरियल पोर्ट नसतो, म्हणून मध्ये यूएसबी कन्व्हर्टर. शिवाय प्रत्येक इंडिकेटरवरून एक वायर थेट बाहेरच्या मोठ्या लाल आकड्यांच्या बोर्डाला जाते, शेतकऱ्याला वजन दिसावं म्हणून. एका ट्रॅक्टरवाल्याने बोर्डावर २४.३८० टन वाचलं आणि हातात आलेल्या पावतीवर होतं २३.९१०. चारशे सत्तर किलोंचा फरक. टनाला तीन हजारांच्या घरातला दर धरला, तर चौदाशे रुपये. तो पावती घेऊन केबिनच्या खिडकीशी उभा राहिला आणि हलेना. शेजारच्या काट्यावरून त्याच वेळी चारशे सत्तर किलो फुकट घेऊन गेलेला गडी मात्र तक्रार करायला आला नाही, हेही नोंदवायला हवं.

मामांनी आधी लोडसेलवर संशय घेतला होता. आकडा विचित्र वाटला की ‘गाडी हलली असंल’ म्हणून ते पुन्हा बटण दाबत. इंडिकेटर दोन्ही ठीक होते, बोर्डही ठीक होते. बिघाड इंडिकेटर आणि पावती यांच्या मधल्या टप्प्यात होता, म्हणजे आमच्या हद्दीत.

संगणक लिनक्सवर चालणारा. लिनक्समध्ये जोडलेलं जवळपास प्रत्येक उपकरण ‘डेव्ह’ नावाच्या डिरेक्टरीत एखाद्या फायलीसारखं दिसतं. यूएसबी सीरियल कन्व्हर्टर जोडला की लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, त्याला ‘टीटीवाय-यूएसबी’ हे आडनाव देतं आणि पुढे शून्यापासून आकडा लावतं. जो आधी सापडला तो शून्य, नंतरचा एक. आमचं सॉफ्टवेअर शून्याला काटा एक आणि एकला काटा दोन समजत होतं. गेल्या हंगामापासून हा क्रम एकदाही बदलला नव्हता, त्यामुळे तो कायमचाच आहे असं सगळ्यांनी गृहीत धरलं. पण कर्नलने तसं वचन कधीच दिलेलं नाही. चालू होताना ते हबवरच्या पोर्टांना हाका मारतं, कुणी लगेच ओ देतं, कुणी क्षणभर उशिरा. त्या दुपारी वीज गेली, यूपीएसनेही मान टाकली, आणि संगणक परत उठला तेव्हा नेहमी मागे राहणारा कन्व्हर्टर पुढे आला.

हा प्रश्न जुना आहे आणि त्यावर उत्तरही आहे. पूर्वी ‘डेव्ह’मध्ये शेकडो नावं आधीच तयार करून ठेवलेली असत, उपकरण असो वा नसो. मग डेव्हएफएस आलं, ते कर्नलच्या आतून नावं द्यायचं. २००३ साली ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी ओटावाच्या लिनक्स परिषदेत यूडेव्ह मांडलं. कर्नलने फक्त ‘काहीतरी आलं आहे’ एवढी वर्दी द्यावी, त्याला काय म्हणायचं ते बाहेरच्या प्रोग्रॅमने नियमांची फाइल वाचून ठरवावं, असा त्यामागचा विचार. धोरण कर्नलमध्ये नको, ते यंत्राच्या मालकाच्या हातात हवं. २०१२ मध्ये यूडेव्ह सिस्टमडी प्रकल्पात विलीन झालं, त्यावरून बरीच भांडणं झाली, पण नियमांची पद्धत जवळपास तीच राहिली. मालकाच्या हाती धोरण द्यायची कल्पना मला अजूनही पटते. फक्त आमच्या बाबतीत मालक म्हणजे साखर कारखाना होता आणि त्याला आपण एखाद्या धोरणाचे धनी आहोत याची कल्पनाही नव्हती.

मी पोचले तेव्हा काटा एक बंद ठेवून दुसऱ्यावरून गाड्या सोडणं चालू होतं. रांग पार डांबरी रस्त्यापर्यंत गेलेली. मी मशीन उघडलं, आणि गंमत म्हणजे नियमांची फाइल तिथं होती. आधीच्या कुणीतरी हा धोका ओळखून लिहून ठेवली होती, नेटक्या टिपणीसकट. ती कधी लागूच झाली नव्हती.

यूडेव्हशी काम केलेल्या माणसाला ही जात ओळखीची असते. नियम चुकला तर प्रोग्रॅम बंद पडत नाही, पडद्यावर लाल अक्षरं येत नाहीत. नियम जुळला नाही, एवढंच. जुळला नाही म्हणजे त्यात चूक आहे असं यूडेव्हला वाटत नाही. जगातली बहुतेक उपकरणं बहुतेक नियमांशी जुळतच नसतात. त्यामुळे चुकीचा नियम आणि लागू नसलेला नियम बाहेरून सारखेच दिसतात. मला तर वाटतं की या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत त्रासदायक भाग हा गप्पपणाच आहे. शिव्या देणारा प्रोग्रॅम परवडला.

त्या फायलीत पहिली अडचण ठळक होती. कन्व्हर्टरचं नावच बदलून ‘काटा१’ करायचा आदेश होता. फार जुन्या लेखांत तसं लिहिलेलं सापडतं. आता यूडेव्ह नेटवर्क कार्ड सोडून कुणाचंही मूळ नाव बदलू देत नाही. कर्नलने ठेवलेलं नाव तसंच राहतं, तुम्ही त्याला शेजारी एक टोपणनाव जोडू शकता, म्हणजे सिमलिंक. हे मला योग्यच वाटतं. मूळ नाव शाबूत असलं की लॉगमधल्या नोंदी आणि समोरची वस्तू यांची सांगड घालता येते. पुढे त्याचाच उपयोग झाला.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसायला वेळ लागला. यूडेव्हच्या नियमात दोन बरोबरची चिन्हं म्हणजे विचारणा आणि एकच चिन्ह म्हणजे हुकूम. ‘उपप्रणाली टीटीवाय आहे का?’ असं विचारायच्या जागी एकच चिन्ह पडलं होतं. अशी ओळ यूडेव्ह लॉगमध्ये एक शब्द टाकून सोडून देतं. तेही बरं, काही ठिकाणी हेच एक चिन्ह कमी पडलं तर ते खरोखर त्या उपकरणाच्या गुणधर्मात तुमची किंमत लिहायला जातं.

तिसरी खरी गुंतागुंतीची. आमच्याकडे हेळवी बैलावरून दारात येतो आणि तुमच्या पणजोबांच्याही आधीच्या पिढ्या वाचून दाखवतो, तसा यूडेव्हचा माहिती देणारा आदेश उपकरणाच्या पिढ्या सांगतो. हा टीटीवाय, त्याच्या वर त्याचा यूएसबी इंटरफेस, त्याच्या वर ते यूएसबी उपकरण, त्याच्या वर हब, मग कंट्रोलर, मग पीसीआय. प्रत्येक पिढीचे गुणधर्म वेगळे. नियमात तुम्ही खुद्द उपकरणाचे गुणधर्म विचारू शकता आणि त्यासोबत वरच्या कुठल्याही एका पिढीचे. एकाच. उत्पादकाचा क्रमांक यूएसबी उपकरणाच्या पिढीतून आणि ड्रायव्हरचं नाव इंटरफेसच्या पिढीतून असं एकाच ओळीत मिसळलं, तर दोन्ही गोष्टी खऱ्या असूनही नियम जुळत नाही. त्या फायलीत नेमकं हेच केलेलं होतं. वाचणाऱ्याला प्रत्येक शब्द बरोबर वाटावा आणि एकत्र वाक्य मात्र खोटं ठरावं, असा प्रकार.

हे सगळं सुधारूनही प्रश्न सुटला नसता. दोन्ही कन्व्हर्टर सीएच३४० चिपचे होते, बाजारात सर्वांत स्वस्त मिळणारे. उत्पादकाचा क्रमांक एकच, मॉडेलचा क्रमांक एकच, आणि स्वतःचा अनुक्रमांक नाहीच. एफटीडीआयच्या चिपमध्ये सहसा प्रत्येक तुकड्याचा वेगळा अनुक्रमांक लिहिलेला असतो. सीपी२१०२ मध्ये तो असतो खरा, पण कित्येक तुकडे ‘०००१’ हाच घेऊन येतात, म्हणजे असून नसल्यासारखा. लिनक्स स्वतःहूनही सीरियल उपकरणांची एक ओळखवार यादी ठेवतं. तिथं पाहिलं तर दोन कन्व्हर्टर जोडलेले असून नाव एकच होतं. दोघांनी एकाच नावावर हक्क सांगितला आणि एकाला ते मिळालं. जुळ्यांना आधार कार्डही सारखंच दिलं तर दुसरं काय होणार?

मग उरते ती जागा. हबच्या कुठल्या भोकात खुपसलं आहे, हे कर्नलला नक्की माहीत असतं: पहिली बस, पहिला पोर्ट, त्यावरच्या हबचा दुसरा किंवा तिसरा पोर्ट. त्या रात्रीपुरते मी जागेवर नियम लिहिले. दुसऱ्या पोर्टातला तो काटा एक, तिसऱ्यातला तो काटा दोन. फाइल बदलली तरी आधीपासून जोडलेल्या उपकरणांना नवा नियम आपोआप लागत नाही. कर्नलला त्यांची वर्दी पुन्हा द्यायला लावावी लागते, किंवा वायर काढून परत लावावी लागते. हे विसरून ‘नियम चालत नाही’ म्हणत डोकं आपटणारे कमी नाहीत.

खात्री करायची वेळ आली तेव्हा मला कुठल्याही आदेशापेक्षा मामांची पद्धत आवडली. ते केबिनमधून उतरले आणि रिकाम्या काटा एकच्या प्लॅटफॉर्मवर जाऊन उभे राहिले. बोर्डावर ७० आलं, पडद्यावर काटा एकच्या चौकटीत ७० आलं. मग शेजारच्या काट्यावर गेले. साठ टनांच्या काट्यावर एक माणूस म्हणजे काहीच नाही, पण पाच-दहा किलोंच्या टप्प्याने मोजणाऱ्या काट्याला तो दिसतो. खिडकीशी उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवाल्यालाही हे तपासणं कळलं. सिमलिंकची यादी दाखवून त्याचं समाधान झालं नसतं.

तोपर्यंत शेती अधिकारी साहेब आले. त्यांचा प्रश्न सरळ होता: चुकीच्या पावत्या किती आणि कुठल्या? इथं मूळ नावं न बदलण्याचा फायदा झाला. कर्नल दर वेळी लॉगमध्ये लिहून ठेवतं की अमुक पोर्टवरचा कन्व्हर्टर अमुक नावाला जोडला. जुन्या नोंदी शिल्लक होत्या. त्या दुपारी वीज येईपर्यंत प्रत्येक वेळी दुसरा पोर्ट शून्याला होता. त्यानंतर प्रथमच तिसरा पोर्ट शून्याला लागला. म्हणजे घोळ वीज आल्यापासून तक्रार येईपर्यंतचाच. तेवढ्या वेळातल्या पावत्यांची यादी काढली, दोन्ही काट्यांच्या वेळा शेजारीशेजारी लावल्या. ज्या गाड्या रिकाम्या होऊन अजून बाहेर पडल्या नव्हत्या त्यांचं सोपं होतं. बाकीच्यांचं कारखान्याने काय केलं हा त्यांचा आणि शेतकऱ्यांचा मामला. यादी मी दोन प्रतींत छापून दिली, एक साहेबांना आणि एक खिडकीवरच्या त्या माणसाला हवी होती म्हणून त्याला. साहेबांना दुसरी प्रत आवडली नाही.

खरा वाद पुढच्या आठवड्यात, शांतपणे बसून झाला. नाव कशाला बांधायचं, वस्तूला की जागेला?

जागेला बांधलं तर मध्यरात्री कन्व्हर्टर जळला (आणि तो जळतोच; प्लॅटफॉर्मकडून येणाऱ्या लांब वायरींतून विजेचे झटके येतात) तर मामा खणातला दुसरा काढून त्याच भोकात लावतील आणि काटा लगेच चालू. पण साफसफाई करताना कुणी दोन वायरी अदलाबदल केल्या, तर सॉफ्टवेअरला काही कळणार नाही. वजन पडत राहील, चुकीच्या पावतीवर. वस्तूच्या अनुक्रमांकाला बांधलं तर वायर कुठंही लावा, नाव बरोबर येईल. पण नवा कन्व्हर्टर लावला की काटा ‘सापडत नाही’ म्हणून थांबेल, जोपर्यंत कुणीतरी फाइल बदलत नाही. रात्री दोन वाजता ते कुणीतरी म्हणजे मी.

माझं मत थांबण्याच्या बाजूने होतं. चुकीचं वजन छापण्यापेक्षा काहीच न छापणारा काटा चांगला. साहेब म्हणाले, "तुम्हाला रांग दिसत नाही म्हणून म्हणता. काटा तासभर थांबला तर पन्नास गाड्या अडकतात. तोडलेला ऊस वाळतो, वाळला की वजन घटतं, ते कुणाचं घटतं? शेतकऱ्याचंच." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते खरं होतं. थांबण्याचंही एक वजन असतं आणि ते पावतीवर येत नाही.

शेवटी आम्ही अनुक्रमांक असलेले चार कन्व्हर्टर घेतले. प्रत्येक काट्याला दोन. एक चालू, एक राखीव, दोन्हीचे क्रमांक आधीच नियमांत लिहिलेले, दोन्हींना एकच टोपणनाव. काटा एकच्या दोघांना लाल टेप, दोनच्यांना पिवळी. तरी एक फट उरत होती: लाल कन्व्हर्टरला काटा दोनची केबल लावली तर? संगणकाला कन्व्हर्टर ओळखता येतो, पण त्याच्या पलीकडून येणारी अक्षरं कुठल्या इंडिकेटरची हे कळत नाही. हे इंडिकेटर फक्त आकडा पाठवतात, स्वतःचं नाव पाठवत नाहीत. इन्स्ट्रुमेंट विभागातले निवृत्तीला आलेले फोरमन काका चर्चा ऐकत बसले होते. त्यांनी काटा दोनच्या केबलला नऊ पिनांचा कनेक्टर काढून पंचवीस पिनांचा लावला आणि पिवळ्या कन्व्हर्टरांवर तसेच अडॅप्टर स्क्रूने आवळून टाकले. आता चुकीची जोडणी करायचीच म्हटलं तरी ती बसत नाही. नियमांच्या फायलीत हे कुठंच लिहिता आलं नसतं.

या बदलात एक राखीव संगणकही तयार केला, उबुंटूच्या नव्या आवृत्तीवर. त्यावर चाचणीसाठी जुने सीएच३४० लावले तर आणखी वेगळंच नाटक: कन्व्हर्टर दिसायचा आणि पुढच्याच क्षणी नाहीसा व्हायचा. लॉगमध्ये ‘बीआरएलटीटीवाय’ हे नाव सापडलं. अंध वापरकर्त्यांच्या ब्रेल पट्ट्या चालवणारा तो प्रोग्रॅम. एका ब्रेल उपकरणात हीच सर्वसाधारण चिप तोच क्रमांक घेऊन बसलेली असल्याने त्याच्या यूडेव्ह नियमाने आमचा कन्व्हर्टर म्हणजे ब्रेल पट्टी असं मानून तो ताब्यात घेतला होता. उबुंटू २२.०४ वर असंख्य लोकांना हा अनुभव आला आहे आणि सल्ला सरसकट एकच मिळतो: तो प्रोग्रॅम काढून टाका. काट्याच्या मशीनवरून मी काढलाही. पण हा सल्ला मला आवडत नाही. एखाद्या शाळेतल्या किंवा बँकेतल्या मशीनवर तोच प्रोग्रॅम कुणाचे तरी डोळे असतो. नियमातली ती एक ओळ बाजूला ठेवली तरी भागतं. आणि मुळात दोष त्या प्रोग्रॅमचाही नाही. स्वतःची ओळख छापायचे चार पैसे वाचवणाऱ्यांचा आहे.

हंगाम संपल्यावर वैधमापनशास्त्र विभागाचे निरीक्षक वार्षिक पडताळणीला आले तेव्हा मी मुद्दाम तिथं थांबले. प्रमाणित वजनं प्लॅटफॉर्मवर चढवली, कोपऱ्याकोपऱ्यात तपासलं, इंडिकेटरला सील ठोकलं. मी विचारलं, "आणि संगणकाचं?" ते हसले. म्हणाले, "मॅडम, आमचं वजन इंडिकेटरवर संपतं." त्यांच्या दृष्टीने हे बरोबरच होतं, त्यांच्या तपासणीत वजन यंत्र येतं, नियमांची फाइल नाही. पण शेतकऱ्याच्या हातात इंडिकेटर जात नाही, पावती जाते. सील आणि पावती यांच्या मधली सगळी वाट, म्हणजे केबल, कन्व्हर्टर, आडनाव, टोपणनाव, कुणाच्याच शिक्क्याखाली नव्हती.

पुढच्या हंगामापासून आम्ही पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत कन्व्हर्टरचा अनुक्रमांक छापतो. शेतकऱ्याला तो काही सांगत नाही. मामांनी विचारलं, "हे कशाला, शाई वाया." पण फाइल कुणी बदलली, टेप निघाली, नवा माणूस आला, तरी कुठलं वजन कुठल्या वायरीतून आलं हे त्या कागदावरून सांगता येतं, संगणकाला विचारावं लागत नाही. शिफ्ट बदलताना दोन्ही काट्यांवर एकेक माणूस उभा करायची पद्धतही चालू आहे. तेवढ्यासाठी मामा हल्ली स्वतः जात नाहीत. दर शिफ्टला वजन वाढलेलं दिसतं म्हणून नव्या पोराला पाठवतात.